भाजल्यापासूनचे घड्याळ

लातूरजवळच्या एखाद्या खेड्यात रात्री आठ वाजता स्टोव्हचा भडका उडाला आणि घरातील बाई गंभीर भाजली, असे समजू. आग विझते. बाई शुद्धीवर असते, बोलते, पाणी मागते. घरची माणसे म्हणतात, "सकाळच्या गाडीने मोठ्या दवाखान्यात नेऊ." ही सकाळ पुष्कळदा फार उशिराची ठरते. ती का, हे कळायला विसावे शतक उजाडावे लागले.

जळालेल्या कातडीत विष तयार होते आणि ते भिनून रोगी दगावतो, अशी पूर्वी समजूत होती. १९२१ मध्ये अमेरिकेतील न्यू हेवन शहरात रिआल्टो चित्रपटगृहाला आग लागली. येल विद्यापीठातील फ्रँक अंडरहिल यांनी तेथील जखमींच्या फोडांतील द्रव तपासला. तो रक्तद्रवासारखाच निघाला. म्हणजे भाजलेल्या जागी केशवाहिन्या गळक्या होतात; पाणी, क्षार आणि प्रथिने रक्तातून बाहेर झिरपतात. उरलेले रक्त दाट होते आणि मूत्रपिंडासारख्या अवयवांना पुरेनासे होते. माणूस बोलता असतो, पण आतून कोरडा पडत जातो.

२८ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री बोस्टनमधील कोकोनट ग्रोव्ह या क्लबला आग लागून ४९२ माणसे मेली. जखमींचे लोंढे दोन मोठ्या रुग्णालयांकडे आले. त्यांपैकी मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयाने युद्धकाळ म्हणून रक्तद्रवाचा साठा आधीच केला होता. तेथे एक अख्खा विभाग रिकामा करून भाजलेल्यांना एकत्र ठेवले गेले. मोठ्या शहराने यातून धडा घेतला: तयारी आगीच्या आधी करायची असते.

पण कोणाला किती द्रव द्यायचा? एडिंबरोच्या अलेक्झांडर वॉलेस यांनी १९५१ मध्ये नवाचा नियम मांडला. प्रौढाचे डोके ९ टक्के, प्रत्येक हात ९, छाती-पोट १८, पाठ १८, प्रत्येक पाय १८ आणि उरलेला १ टक्का जननेंद्रियांचा भाग. बेरीज १००. नुसती लाल झालेली कातडी यात धरत नाहीत. पुढे १९६८ मध्ये डॅलसच्या पार्कलँड रुग्णालयातील बॅक्स्टर आणि शायर्स यांनी सूत्र दिले: वजनाचा दर किलो आणि भाजल्याचा दर टक्का यांमागे ४ मिलिलिटर सलाइन २४ तासांत द्यावे, त्यातले निम्मे पहिल्या ८ तासांत.

आपल्या उदाहरणातील बाईचे वजन ५० किलो आहे; छाती-पोट आणि दोन्ही हात, म्हणजे ३६ टक्के भाजले आहेत. ४ × ५० × ३६ = ७२०० मिलिलिटर. पहिल्या आठ तासांत ३.६ लिटर. हा अर्थात आरंभीचा अंदाज. पुढे डॉक्टर लघवीचे प्रमाण पाहून तो कमी-जास्त करतात. खरी मेख वेगळीच आहे. हे आठ तास दवाखान्यात पोहोचल्यापासून नव्हे, भाजल्यापासून मोजतात. बाई सकाळी सहाला निघाली, तर दवाखान्याची पायरी चढण्याआधीच ते संपलेले असतात. राहिलेले द्रव एकदम ओतून भरपाई करणेही धोक्याचे असते.

आता नकाशा पाहू. लातूरहून पुणे तीनशे किलोमीटरहून अधिक, नांदेडहून मुंबई पाचशेहून अधिक. मुंबईत शीव रुग्णालयात २००० मध्ये त्वचापेढी सुरू झाली. ती मोलाची आहे, पण त्वचारोपणाची वेळ नंतर येते. पहिले आठ तास जवळच्या दवाखान्याचे असतात. मराठवाड्यातील पहिले वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) निघाले. नांदेडला १९८८ मध्ये, तर लातूरला शासकीय महाविद्यालय २००२ मध्ये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ मध्ये आली. साखळी हळूहळू जुळत गेली. तरीही किनवटहून नांदेड शंभर किलोमीटरहून दूरच आहे. म्हणून पहिले सलाइन तालुक्याच्या ठिकाणीच लागले पाहिजे आणि भाजल्याची वेळ कागदावर लिहून रोग्याबरोबर पुढे गेली पाहिजे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप आठवून पाहा. ते संकट वेगळे होते. पण बाहेरची मदत येईपर्यंतचे पहिले तास गावालाच निभावावे लागतात, हे या भागाने तेव्हा अनुभवले आहे.

गाव काय करू शकते? मुंबईचे शल्यचिकित्सक डॉ. मनोहर केसवानी यांनी भाजल्यावर पाणी ओता, हा साधा संदेश लोकांपर्यंत नेला. आग विझवून भाजलेल्या भागावर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. बर्फ, तूप, शाई, टूथपेस्ट लावू नये. चिकटलेले कपडे ओढू नयेत. बांगड्या, अंगठ्या सूज येण्यापूर्वी काढाव्यात. उरलेले अंग स्वच्छ चादरीने झाकून उबदार ठेवावे आणि १०८ ला फोन करावा.

शिक्षकांनी सातवी-आठवीच्या वर्गात शेकडेवारी शिकवताना नवाचा नियम फळ्यावर जरूर काढावा. मुले गणित करतील, उत्तर लिटरमध्ये येईल. मग एकच प्रश्न विचारावा: आपल्या गावातून सलाइन मिळेल अशा सर्वांत जवळच्या ठिकाणी रात्री आठ वाजता पोहोचायला किती वेळ लागतो? ते उत्तर मुलांनी घरी जाऊन सांगितले, तर निदान एखाद्या घरात तरी सकाळची वाट पाहिली जाणार नाही.