तळटीप : करकरीचा दोष कोणाचा?

* मुद्रित ध्वनीत उमटणाऱ्या करकरीचा सारा ठपका ग्रंथकाराने येथे साउंड कार्डावर ठेवला आहे. हा निवाडा एकतर्फी वाटतो. इ. स. २००० च्या सुमारास प्रचलित असलेल्या व्हिया कंपनीच्या केटी१३३ चिपसेटात उत्तर (नॉर्थब्रिज) आणि दक्षिण (साउथब्रिज) हे दोन्ही विभाग पीसीआय मार्गानेच जोडलेले असल्यामुळे, डिस्कवरील माहितीची आणि साउंड कार्डाच्या ध्वनीची रवानगी त्याच एका वाटेने होई. (चित्रासाठी एजीपीचा स्वतंत्र मार्ग होता, ध्वनीला ती मुभा नव्हती, ही पक्षपाती वहिवाटच म्हणावयाची.) या मार्गाची कमाल क्षमता सेकंदाला १३३ मेगाबाइट, आणि ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट दर्जाच्या २४ ट्रॅकांची एकत्रित गरज जेमतेम साडेतीन मेगाबाइट; तेव्हा उणीव क्षमतेची नव्हे, वेळेवर ताबा मिळण्याची होती, हे उघड आहे. दर नमुना सुमारे २१ मायक्रोसेकंदांनी हवाच असतो, कार्डाच्या अंगचा साठा तोकडा असतो, आणि तो रिता होईपर्यंत डिस्क-नियंत्रकाने मार्ग मोकळा केला नाही, तर कचेरीच्या दारात ताटकळणाऱ्या अर्जदारासारखे कार्ड तिष्ठत राहते व ध्वनी खंडित होतो. व्हियाच्या ६८६बी या दक्षिण विभागाबरोबर साउंड ब्लास्टर लाइव्ह जोडले असता तर प्रसंगी डिस्कवरील फाइलीही भ्रष्ट होत. पुढील केटी२६६ मध्ये दोन विभागांसाठी सेकंदाला २६६ मेगाबाइट क्षमतेचा व्ही-लिंक हा स्वतंत्र दुवा आला. — संपादक