शरीराची साक्ष

३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरच्या छावणीतून निघालेली पलटण दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमा येथे पेशव्यांच्या फौजेशी लढली. तिच्यातील महार शिपायांची नावे तिथल्या स्तंभावर कोरलेली आहेत. तरीही १८९२ मध्ये 'लढाऊ वंशां'च्या सिद्धान्ताखाली महारांची लष्करभरती बंद झाली. शरीर तेच होते. त्याचा अर्थ लावणारा विचार बदलला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी या अन्यायाविरुद्ध सरकारकडे अर्ज केला.

कोलंबिया विद्यापीठात (१९१३-१६) बाबासाहेब अर्थशास्त्राबरोबर तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्रही शिकले. १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये त्यांनी वंशवाद्यांच्याच मापाने, म्हणजे नाकाच्या मोजमापांनी, दाखवले की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत. आज ते मापही शास्त्राने टाकून दिले आहे. अस्पृश्यता शरीरात नाही, विचारात आहे.

म्हणून शिरूर-दौंडहून पुण्याला शिकायला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींनी तत्त्वज्ञान 'पोट न भरणारे' म्हणून सोडू नये, आणि शरीरशास्त्र फक्त नोकरीपुरते वाचू नये. रक्तगट जात ओळखत नाही, हे शरीरशास्त्र सांगते. ते ठाऊक असूनही माणसे जात का पाळतात, हा प्रश्न तत्त्वज्ञानाने विचारायचा आहे. दोन्ही शास्त्रे आपल्याला हवीत.