मंगळावरचं पाणी : कालव्यांपासून दंवापर्यंत

"मंगळावर पाणी सापडलं" ही बातमी दर दोन-चार वर्षांनी येते, आणि दरवेळी चहाच्या वेळी टीममधलं कुणीतरी विचारतंच, "मग मागच्या वेळी काय सापडलं होतं?" प्रश्न रास्त आहे.

१८७७ मध्ये शियापरेली या इटालियन खगोलशास्त्रज्ञाला मंगळावर 'कानाली' दिसले. इटालियनमध्ये त्याचा अर्थ नुसते चर असाही होतो, पण इंग्रजीत झाले कालवे, म्हणजे कुणीतरी खणलेले! अमेरिकेत लोवेल या धनिकाने १८९४ मध्ये स्वतःची वेधशाळा बांधली आणि ठासून सांगितलं की ध्रुवावरचा बर्फ वितळवून मंगळवासी शेतीला पाणी नेतात. (अख्ख्या ग्रहाला एकच पाटबंधारे खातं!)

१९६३ मध्ये स्पिनरॅड, म्युंश आणि कॅप्लन यांनी मंगळाच्या वर्णपटात वाफेच्या रेषा पकडल्या. ती सगळी वाफ पाणी करून जमिनीवर पसरली तर थर किती? सुमारे १४ मायक्रॉन, केसाहूनही पातळ. पृथ्वीवर हाच आकडा सरासरी २५ मिलिमीटर आहे. १९६५ मध्ये मरिनर ४ ने हवेचा दाबही मोजला, आपल्या शंभराव्या हिश्शाहून कमी. इतक्या कमी दाबाला बर्फ सहसा वितळत नाही, कपाटातल्या डांबरगोळीसारखा थेट उडून जातो. संपले कालवे.

मला यात सगळ्यात आवडतात ते लेटन आणि मरे. १९६६ मध्ये त्यांनी संगणकावर मंगळाच्या उष्णतेचा हिशोब मांडला आणि म्हटलं, ध्रुवावर गोठतो तो कार्बन डायऑक्साइड. पाण्याचा बर्फ असलाच तर जमिनीखाली लपलेला असेल. पहिलं अर्धं बरोबर निघालं. १९७६ मध्ये व्हायकिंगने पाहिलं की उन्हाळ्यात उत्तर ध्रुवावर उरणारी टोपी उणे ६८ अंशांच्या आसपास आहे. कोरड्या बर्फासाठी हे फारच 'गरम', म्हणजे ते पाणीच. तिथून उन्हाळ्यात वाफ उठते, वाऱ्याबरोबर दक्षिणेकडे सरकते आणि थंडीत कुठेकुठे दंव होऊन खाली बसते. १९७९ मध्ये व्हायकिंग २ ने आपल्या पायाशी पडलेल्या त्या दंवाचा फोटोच पाठवला.

दुसऱ्या अर्ध्याला मात्र २००८ उजाडलं. फिनिक्स यानाने काही सेंटिमीटर उकरलं, तर खाली पांढरे खडे. चार दिवसांत ते गायब! वर चार किलोमीटरवरच्या ढगांतून हिम पडतानाही दिसलं.

आणि २०२४ मध्ये कळलं की विषुववृत्ताजवळच्या थार्सिस ज्वालामुखींच्या माथ्यावर थंडीत पहाटे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकं दंव पडतं. एकूण वजन सुमारे दीड लाख टन, आपल्या हिशोबात दहा हजार लिटरचे १५ हजार टँकर. ऊन वर आलं की काही तासांत सगळं परत हवेत.