दिनविशेष : ६ जुलै – पाच मतांनी पार्लमेंटात

१८९२ साली आजच्याच दिवशी लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघात मतदान झाले. उदारमतवादी पक्षाच्या दादाभाई नौरोजींना २,९६१ मते पडली, तर हुजूर पक्षाच्या कॅप्टन पेंटन यांना २,९५६. अवघ्या ५ मतांनी दादाभाई निवडून आले!

मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजमधली गणिताची प्राध्यापकी सोडून ते १८५५ मध्ये कामा कंपनीचे भागीदार म्हणून इंग्लंडला गेले. नीतीला न पटणारा नफा नको, म्हणून तिथून बाहेर पडले आणि १८५९ मध्ये त्यांनी स्वतःची कापसाची पेढी काढली. हिंदुस्थानातून दरसाल किती संपत्ती बाहेर वाहते, याचा हिशेब पुढे त्यांनी आकड्यांनिशी मांडला, त्यामागे हा पेढीवरचा अनुभवही असणारच.

याआधी १८८६ च्या निवडणुकीत होबर्नमधून ते पडले होते. त्यावर बोलताना पंतप्रधान लॉर्ड सॉल्झबरी यांनी त्यांना ‘काळा माणूस’ म्हटले. त्याला सडेतोड उत्तर मिळाले ते क्लार्कनवेलच्या घड्याळ-कारागिरांच्या वस्तीसह साऱ्या फिन्सबरीच्या मतपेटीतून. सभागृहात दादाभाईंनी शपथ घेतली ती पारशांचा धर्मग्रंथ अवेस्ता हाती धरून. सनदी सेवेच्या परीक्षा हिंदुस्थानातही घ्याव्यात, हा ठराव १८९३ मध्ये कॉमन्स सभागृहात मंजूर झाला. सरकारने मात्र तो अमलात आणला नाही. १८९५ च्या निवडणुकीत दादाभाईंची जागा गेली.