पंडित, चंद्रकांत सीताराम

(३० सप्टेंबर १९६१ – ). भारतीय यष्टिरक्षक-फलंदाज व क्रिकेट प्रशिक्षक. जन्म मुंबई येथे. क्रिकेटमध्ये सारे मैदान समोर ठेवून खेळणारा अकराजणांत यष्टिरक्षक हाच एक असतो. रमाकांत आचरेकर यांच्या हाताखाली शिकलेल्या पंडितांच्या आयुष्याचा प्रशिक्षकपदात गेलेला उत्तरार्ध या दृष्टीने पाहिल्यास त्यात आकस्मिक असे फारसे काही उरत नाही.

खेळाडू म्हणून त्यांच्या वाट्याला ५ कसोटी व ३६ एकदिवसीय सामने आले. १९८६ मध्ये हेडिंग्ले येथे इंग्लंडविरुद्ध त्यांनी कसोटीत पदार्पण केले ते केवळ फलंदाज म्हणून, कारण यष्टीमागे किरण मोरे उभे होते; त्याच वर्षी मद्रासच्या बरोबरीत सुटलेल्या ऐतिहासिक कसोटीतही त्यांनी ३५ व ३९ धावा केल्या. तथापि मोरे यांची जागा पक्की झाल्याने राष्ट्रीय संघात ते स्थिरावले नाहीत. देशांतर्गत क्रिकेटमध्ये मात्र मुंबई, आसाम व मध्य प्रदेश यांच्याकडून खेळताना त्यांनी प्रथम श्रेणीत आठ हजारांहून अधिक धावा जमविल्या.

१९९८-९९ च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात, बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर, त्यांच्या नेतृत्वाखालील मध्य प्रदेशाने कर्नाटकावर पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी मिळविली होती, आणि केवळ सामना अनिर्णित राखला असता तरी करंडक पदरात पडला असता. परंतु शेवटच्या दिवशी विजय भारद्वाज यांच्या फिरकीपुढे डाव कोसळला व ९६ धावांनी पराभव पत्करावा लागला. पुढे प्रशिक्षक म्हणून सामन्यातील कोणतेही सत्र सैल सोडू न देण्याचा जो करडा शिरस्ता त्यांनी घालून दिला, त्याचे मूळ या पराभवात शोधावे लागते.

प्रशिक्षकपदाची सूत्रे हाती आल्यावर २००२-०३ व २००३-०४ अशी लागोपाठ दोन वर्षे मुंबईने तमिळनाडूचा पाडाव करून रणजी करंडक जिंकला. पंडित पुन्हा त्या जागी आल्यावर, २०१५-१६ मध्ये, पुण्यातील अंतिम सामन्यात सौराष्ट्राला डावाने हरवून मुंबईने एकेचाळिसावे अजिंक्यपद मिळविले. लगेच पुढल्या वर्षी गुजरातकडून अंतिम सामन्यात हार होताच त्यांची मुदत संपली. मुंबईला करंडक मिळवून देणे हे मोठेच काम, पण मुंबईला करंडक मिळवून देणारे पुष्कळ होऊन गेले.

खरी कसोटी विदर्भात झाली. १९५७-५८ पासून रणजीत खेळणारा, परंतु अंतिम सामन्याचे तोंडही न पाहिलेला हा संघ पंडितांच्या पहिल्याच हंगामात कोलकात्याच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकाला ५ धावांनी हरवून अंतिम सामन्यात पोहोचला, आणि इंदूर येथे दिल्लीविरुद्ध अभियांत्रिकीचा पदवीधर असलेल्या रजनीश गुरबानीने साधलेल्या हॅट्ट्रिकच्या बळावर १ जानेवारी २०१८ रोजी विजेता ठरला. फैज फजलच्या नेतृत्वाखालील या संघाने पुढील वर्षी नागपुरात सौराष्ट्राचा ७८ धावांनी पराभव करून करंडक राखला. यशाचे थोडे श्रेय वसीम जाफरसारख्या अनुभवी पाहुण्या फलंदाजाला द्यावयास हवे. तरीही आपण दुय्यम आहोत ही त्या ड्रेसिंगरूममधील समजूत मोडून काढली ती पंडितांनीच.

मध्य प्रदेशात ते रुजू झाल्यावर शिस्त आणखी कडक झाली. कर्णधार आदित्य श्रीवास्तवला स्वतःच्या लग्नासाठी दोनच दिवसांची रजा मिळाल्याचे वृत्त गाजले. २६ जून २०२२ रोजी, त्याच चिन्नास्वामी मैदानावर, मुंबईच्या ३७४ धावांना यश दुबे, शुभम शर्मा व रजत पाटीदार यांच्या शतकांनी ५३६ धावांचे उत्तर देऊन मध्य प्रदेशाने सहा गडी राखून पहिले रणजी अजिंक्यपद मिळविले, तेव्हा एरवी कठोर दिसणाऱ्या या माणसाला अश्रू आवरले नाहीत.

पंडितांच्या मुंबईतील करंडकांपेक्षा विदर्भातील करंडक अधिक मोलाचे, कारण नामांकित संघांत गणना न होणारा संघही नियमित मेहनतीच्या जोरावर वर येऊ शकतो, याचा तो दाखला आहे.

ऑगस्ट २०२२ मध्ये कोलकाता नाइट रायडर्सच्या मुख्य प्रशिक्षकपदी त्यांची नेमणूक झाली. त्यांची कडक शिस्त परदेशी खेळाडूंना जाचक वाटल्याची कुजबुज झाली, आणि वीस षटकांच्या झटपट कारभारात ती कितपत शोभते हा प्रश्न अगदीच गैरवाजवी नव्हता. तथापि २०२४ मध्ये, गौतम गंभीर मार्गदर्शक असताना, सनरायझर्स हैदराबादला ११३ धावांत गुंडाळून संघाने दहा वर्षांनी आयपीएल जिंकली. २०२५ चा हंगाम आठव्या स्थानावर संपल्यानंतर जुलैमध्ये उभय पक्षांनी फारकत घेतली. प्रशिक्षक म्हणून त्यांच्या खात्यावर सहा रणजी करंडक असून, त्यांपैकी तीन मुंबईचे, दोन विदर्भाचे व एक मध्य प्रदेशाचा आहे.