डीजेजीपीपी

डीजेजीपीपी हा एमएस-डॉस या संचालन प्रणालीसाठी बनवलेला सी व सी++ भाषांचा मोफत कंपायलर आणि त्यासोबतच्या साधनांचा संच आहे. जीएनयू प्रकल्पातील जीसीसी या कंपायलरची ही डॉस आवृत्ती असून ती इंटेल ८०३८६ व त्यापुढील प्रोसेसरांवर चालते. १९९० च्या दशकात हौशी गेम प्रोग्रामरांमध्ये हा संच लोकप्रिय होता.

इतिहास

डीजे डेलोरी यांनी इ.स. १९८९ मध्ये या कामास सुरुवात केली. जीसीसी डॉसवर आणता येईल का, असे त्यांनी एका सभेत रिचर्ड स्टॉलमन यांना विचारले होते. जीसीसी फार मोठा आहे व डॉस १६-बिट आहे, त्यामुळे ते शक्य नाही, असे उत्तर मिळाल्यावर डेलोरी यांनी ते आव्हान म्हणून स्वीकारले.

इतर कंपायलरांशी तुलना

टर्बो सी वापरण्यास सोपा होता. भारतातील अनेक महाविद्यालयांत तो पुढेही दीर्घकाळ शिकवला गेला. मात्र त्याचे प्रोग्राम १६-बिट असल्याने ६४० किलोबाइट मेमरी आणि ६४ किलोबाइटांचे सेगमेंट या मर्यादा पाळाव्या लागत. ३२०×२०० पिक्सेल व २५६ रंगांचे पूर्ण पडद्याचे एकच चित्र ६४,००० बाइट, म्हणजे जवळजवळ एक सेगमेंट व्यापते. ३२-बिट वॉटकॉम सी या मर्यादांतून मुक्त होता व डूम (१९९३) या गेमसाठी वापरला गेला; परंतु तो विकत घ्यावा लागे. डीजेजीपीपीमुळे तीच सोय विनामूल्य मिळाली. त्याने तयार केलेले गेम विकण्यासही मुभा होती. क्वेक (१९९६) या व्यावसायिक गेमची डॉस आवृत्ती याच संचाने तयार करण्यात आली.

मर्यादा

डीजेजीपीपीचे प्रोग्राम प्रोटेक्टेड मोडमध्ये चालतात. त्यासाठी लागणारी डीपीएमआय सेवा विंडोज ९५ मध्ये अंतर्भूत होती. केवळ डॉस असलेल्या संगणकासाठी सीडब्ल्यूएसडीपीएमआय हा छोटा प्रोग्राम गेमसोबत द्यावा लागे. पडद्याच्या मेमरीत साध्या पॉइंटरने थेट लिहिता येत नसे. त्यामुळे टर्बो सीसाठी लिहिलेला ग्राफिक्सचा कोड जसाच्या तसा चालत नसे. असेंब्ली कोडही इंटेलऐवजी एटी अँड टी पद्धतीने लिहावा लागे.

पूरक साधने

* ॲलेग्रो – शॉन हारग्रीव्ह्ज यांनी सुरू केलेली गेम लायब्ररी. चित्रे, ध्वनी, कळफलक व जॉयस्टिक हाताळण्याची फंक्शने तीत तयार मिळत. त्यामुळे वरील अडचणींपैकी बऱ्याच टळत.
* आरएचआयडीई – टर्बो सीसारखा दिसणारा संपादक. कोड लिहिणे, कंपाइल करणे व चुका शोधणे ही कामे एकाच ठिकाणी होत.
* जीडीबी – चुका शोधण्याचे साधन.

उत्तरकाळ

विंडोज ९५ व डायरेक्टएक्स यांच्या प्रसारानंतर डॉसवरील गेमनिर्मिती मागे पडली. विंडोजवर जीसीसीची जागा मिनजीडब्ल्यूने भरून काढली. ॲलेग्रोही विंडोज व लिनक्सवर उपलब्ध झाल्याने, केवळ तिच्या फंक्शनांवर आधारलेले जुने गेम थोड्या बदलांनी नव्या प्रणालींवर नेता आले. थेट हार्डवेअरवर लिहिलेल्या गेमना मात्र पुनर्लेखन किंवा डॉसबॉक्ससारख्या एम्युलेटरचा आधार लागतो.

हे सुद्धा पहा

* जीसीसी
* टर्बो सी
* एमएस-डॉस