घराचा धनी कोण? ख्रिस्ती कुटुंबातील नेतृत्वाविषयी ख्रिस्तसभेची शिकवण



विवाहपूर्व मार्गदर्शन शिबिरात दरवेळी एक प्रश्न हमखास विचारला जातो : "फादर, बायबलमध्ये नवऱ्याला बायकोचे मस्तक म्हटले आहे ना? मग घरात शेवटचा शब्द कोणाचा?" विचारणारा बहुधा वर असतो. वधू खाली पाहते किंवा हसते. या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही आणि अर्धवट दिले तर अनर्थ होतो. म्हणून ख्रिस्ती कुटुंबातील नेतृत्वासंबंधी पवित्र शास्त्र, ख्रिस्तसभेची शिकवण आणि आपल्या मराठी मातीतील अनुभव काय सांगतात, याची एकत्रित मांडणी आम्ही या लेखात करीत आहोत.

शनिवार पेठेतील एक वाडा

पुण्याच्या शनिवार पेठेतून जाताना शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा दृष्टीस पडतो. थोरल्या बाजीरावांनी 1730 साली या वाड्याची पायाभरणी केली. येथून हिंदुस्थानच्या मोठ्या भागाचा कारभार चालला. परंतु मराठी जनमानसात हा वाडा लक्षात राहिला आहे तो एका कौटुंबिक शोकांतिकेमुळे. 30 ऑगस्ट 1773 रोजी अवघ्या अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी याच वाड्यात खून केला. मदतीसाठी धावत ते ज्यांच्याकडे गेले, ते त्यांचे सख्खे काका रघुनाथराव. "काका, मला वाचवा" हे शब्द खरोखर उच्चारले गेले की लोककथेने ते जपले, हा इतिहासकारांचा विषय. पण न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी रघुनाथरावांना या खुनाबद्दल दोषी ठरविले, हे इतिहासाला ठाऊक आहे.

वडीलधाऱ्याचे घरातील पहिले काम कोणते, हे ही घटना उलट्या बाजूने शिकवते. लहानांनी ज्याच्या आडोशाला धावावे, तो वडीलधारा. तोच घराण्याच्या सत्तेसाठी उभा राहिला, तर भिंती कितीही भक्कम असोत, घर उरत नाही. आपल्या घरात सत्तेसाठी रक्त सांडत नाही हे खरे; पण सातबारा, फ्लॅट, आईचे दागिने किंवा मुलीचे लग्न यांवरून "माझ्या घरात माझेच चालणार" हे वाक्य किती घरांत ऐकू येते, हे प्रत्येक धर्मगुरूला माहीत आहे.

धनी आणि कारभारी

घरातील नेतृत्वासाठी आपल्या भाषेत अनेक शब्द आहेत. कुटुंबाचा 'कर्ता पुरुष' आपण म्हणतो, तसेच घर सावरणाऱ्या स्त्रीला 'कर्ती बाई' म्हणतो. खेड्यापाड्यांत पत्नी पतीला 'घरधनी' म्हणते आणि 'कारभारी'ही म्हणते. पतीही तिला 'कारभारीण' म्हणून हाक मारतो. या शब्दांत मोठा फरक दडला आहे. धनी म्हणजे मालक. कारभारी दुसऱ्याची मालमत्ता सांभाळतो आणि त्याला हिशोब द्यावा लागतो.

मराठी बायबलमध्ये हाच 'कारभारी' शब्द येतो. लूककृत शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात प्रभू येशू विश्वासू कारभाऱ्याचे वर्णन करतो. मालकाने घरातील मंडळींना वेळेवर अन्न देण्यासाठी त्याला नेमलेले असते. जो कारभारी मालक दूर आहे असे पाहून चाकरांना मारझोड करतो आणि खाण्यापिण्यात धुंद होतो, त्याचा निवाडा कठोर होतो. ख्रिस्ती घराचा धनी परमेश्वर आहे. पती आणि पत्नी दोघेही त्याचे कारभारी आहेत. या लेखातील सर्व विवेचनाचा गाभा एवढाच आहे.

संत पौलाचे म्हणणे नेमके काय?

ज्या वचनाचा आधार वारंवार घेतला जातो, ते इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात आहे. पत्नींनी पतीच्या अधीन असावे आणि पती हा पत्नीचे मस्तक आहे, असे संत पौल तेथे म्हणतो. मात्र वाचन बाविसाव्या ओवीपासून सुरू केले जाते आणि चूक तेथेच होते. त्याआधीच्या एकविसाव्या ओवीत ख्रिस्ताविषयीच्या आदरापोटी सर्वांनी एकमेकांच्या अधीन राहावे, असे सांगितले आहे. काही प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत बाविसाव्या ओवीला स्वतंत्र क्रियापदही नाही. ते एकविसाव्या ओवीतूनच घ्यावे लागते. म्हणजे पत्नीची अधीनता ही परस्पर अधीनतेचाच एक भाग आहे.

पुढे पत्नींसाठी तीन ओव्या आहेत आणि पतींवरील कर्तव्य सांगणारे विवेचन नऊ ओव्यांचे आहे. ख्रिस्ताने ख्रिस्तसभेवर प्रेम करून तिच्यासाठी स्वतःला अर्पण केले, तसे पतीने पत्नीवर प्रेम करावे, ही पतीसमोर ठेवलेली कसोटी आहे. ख्रिस्त मस्तक कसा झाला? शिष्यांचे पाय धुऊन आणि क्रुसावर प्राण देऊन. ज्या पतीला मस्तक व्हायचे आहे, त्याला याच वाटेने जावे लागेल.

त्या काळचा संदर्भही लक्षात घ्यावा. रोमन कायद्यानुसार कुटुंबप्रमुख पित्याला मुलांवर आणि गुलामांवर जवळजवळ अनिर्बंध अधिकार होता. अशा समाजात पित्यांनी मुलांना चीड आणू नये, ती खचून जातील असे वागू नये, असे पौल इफिस आणि कलस्सै येथील ख्रिस्ती जनांना बजावतो. हे त्या काळी नवलाचे होते.

पहिल्या ख्रिस्ती घरांचे चित्रही बोलके आहे. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या दांपत्याच्या घरी ख्रिस्ती मंडळी जमत असे. नव्या करारात या दोघांचा सहा वेळा उल्लेख येतो आणि त्यांपैकी चार वेळा पत्नीचे नाव आधी येते. अपुल्लोसासारख्या विद्वान वक्त्याला या दोघांनी मिळून अधिक अचूक शिकवण दिली. फिलिप्पै येथील लुदिया जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करीत होती. आपल्या घराण्यासह बाप्तिस्मा घेऊन तिने प्रेषितांसाठी घर उघडले. तेथे घराचे नेतृत्व एका स्त्रीकडेच होते.

ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीचा प्रवास

पोप पायस अकरावे यांनी 31 डिसेंबर 1930 रोजी विवाहावरील 'कास्ती कोन्नूबी' हे परिपत्रक प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी पतीला कुटुंबाचे मस्तक आणि पत्नीला हृदय म्हटले. पत्नीने पतीची प्रत्येक अवाजवी इच्छा मान्य केलीच पाहिजे असे नाही, आणि पती कर्तव्यास चुकल्यास घराची धुरा तिच्याकडे येते, हेही त्यांनी त्याच ठिकाणी स्पष्ट केले होते. दुर्दैवाने आपल्याकडे मस्तकाचा भाग आवर्जून सांगितला गेला आणि पुढचा भाग मागे राहिला.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (1962-65) विवाहाला प्रेमाचा आणि जीवनाचा सहवास म्हटले, पती-पत्नींच्या समान प्रतिष्ठेवर भर दिला आणि कुटुंबाला घरगुती ख्रिस्तसभेचे स्थान दिले. 1983 च्या धर्मसंहितेतील कलम 1135 नुसार वैवाहिक सहजीवनाच्या बाबतीत दोघांनाही समान कर्तव्ये आणि समान हक्क आहेत. पोप संत जॉन पॉल दुसरे यांनी 1988 च्या 'मुलिएरिस दिग्नितातेम' या पत्रात इफिसकरांस पत्रातील अधीनता एकतर्फी नसून परस्पर आहे, असे निःसंदिग्धपणे सांगितले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2016 च्या 'आमोरिस लेतित्सिया'मध्ये त्या पत्रातील तत्कालीन सांस्कृतिक आवरण आणि त्याखालचा कायमचा संदेश यांत फरक केला आणि स्त्रियांवरील घरगुती हिंसेला भ्याडपणा म्हटले.

तेव्हा "चर्चच सांगते की नवऱ्याचे ऐक" असे जो म्हणतो, त्याने शिकवणुकीचा अर्धाच भाग ऐकलेला असतो.

टिळकांचे घर

आता मराठी ख्रिस्ती इतिहासातील एका घराकडे वळू. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक हे प्रॉटेस्टंट पंथाचे. परंतु त्यांचा वारसा सर्व मराठी ख्रिस्ती जनांचा आहे.

टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. श्रद्धेचा तो निर्णय प्रामाणिक होता, पण तो दोघांनी मिळून घेतलेला नव्हता. पत्नीच्या दृष्टीने घरावर वीज कोसळली. मुलगा देवदत्त लहान होता. पती-पत्नींची काही वर्षे ताटातूट झाली आणि लक्ष्मीबाई नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. त्यांनी सोसलेले दुःख 'स्मृतिचित्रे'त उतरले आहे. विनोदाची झालर असल्यामुळे ते वाचताना अधिकच भिडते.

पुढे दोघे अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे एकत्र आले. लक्ष्मीबाई तेव्हा ख्रिस्ती नव्हत्या आणि आपले सोवळे पाळीत होत्या. टिळकांनी त्यांच्यावर बाप्तिस्म्याची सक्ती केली नाही. सोवळ्याओवळ्याचा आणि जातिभेदाचा विचार लक्ष्मीबाईंनी स्वतः केला, तो स्वतःच्या बुद्धीने सोडला आणि 1900 साली राहुरी येथे बाप्तिस्मा घेतला. पतीच्या मागे फरपटत न जाता त्या आपल्या पायांनी चालत प्रभूकडे आल्या. म्हणूनच त्यांची श्रद्धा वैधव्यातही टिकली.

टिळक तापट होते, उदार होते आणि व्यवहारात बेफिकीर होते. हातात आलेला पैसा घरी पोहोचेलच याचा नेम नसे. प्रपंच तोलून धरला तो लक्ष्मीबाईंनी. पण ज्यांना लग्नात अक्षरओळखही नव्हती, त्या पत्नीला वाचायला-लिहायला प्रवृत्त केले ते टिळकांनीच. 9 मे 1919 रोजी टिळकांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे होते. त्याचा फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी रचला. 1936 साली त्याही निवर्तल्या आणि 1938 साली ते काव्य प्रसिद्ध झाले.

या घरात मस्तक कोण होते? श्रद्धेच्या वाटेवर पहिले पाऊल पतीने टाकले, प्रपंचाची धुरा पत्नीने वाहिली, शिक्षणाचे दार पतीने उघडले आणि त्याचे अपुरे काम पत्नीने पुढे नेले. ज्याला देवाने जे दिले, त्याचा कारभार त्याने केला. आणि जेथे एकाने एकट्याने निर्णय घेतला, तेथे घर सर्वाधिक पोळले, हेही आपण विसरू नये.

कायदा आणि आपली घरे

कारभार म्हटला की हिशोब आला. भारतीय ख्रिस्ती कुटुंबांना 1925 चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. पती मृत्युपत्र न करता वारला आणि मागे पत्नी व मुले असतील, तर पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांना मिळते. त्यात मुलगा आणि मुलगी यांचा वाटा समान असतो. केरळच्या मेरी रॉय यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1986 साली पूर्वीच्या त्रावणकोर संस्थानातील ख्रिस्ती स्त्रियांनाही हाच कायदा लागू असल्याचा निर्णय दिला.

तरीही विधवा वहिनीला अंधारात ठेवणे किंवा बहिणीकडून हक्कसोडपत्रावर गुपचूप सही घेणे, असे प्रकार आपल्या धर्मग्रामांत घडतच नाहीत असे आम्ही म्हणू शकत नाही. बहिणीने समजून-उमजून आपला वाटा सोडणे वेगळे आणि "रिवाज आहे" म्हणून तिच्याकडून तो काढून घेणे वेगळे. दुसऱ्या प्रकाराला चोरी हाच शब्द आहे.

मारझोडीविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. "क्रूस समजून सहन कर" असा सल्ला मार खाणाऱ्या भगिनीला देणे ही ख्रिस्तसभेची शिकवण नाही. जोडीदारापासून स्वतःला किंवा मुलांना गंभीर धोका असेल, तर विभक्त राहण्याची मुभा धर्मसंहितेचे कलम 1153 देते. 2005 चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदाही तिच्या पाठीशी आहे. त्याचा आधार घेणे म्हणजे विवाहसंस्काराचा अवमान नव्हे.

आत्मपरीक्षणासाठी

पुढील प्रश्न पती-पत्नींनी एखाद्या संध्याकाळी जपमाळेनंतर एकत्र बसून स्वतःला विचारावेत, अशी आमची विनंती आहे.

1. घरातील उत्पन्न, कर्ज आणि बचत यांची माहिती दोघांनाही आहे काय? उद्या एकाला देवाघरचे बोलावणे आले, तर दुसऱ्याला कागदपत्रे सापडतील काय?

2. मुलांचे शिक्षण, नोकरीसाठी परगावी जाणे, आईवडिलांचा सांभाळ अशा मोठ्या बाबी दोघे मिळून ठरवितात काय? मोठ्या मुलांचे मत विचारले जाते काय?

3. प्रार्थनेची जबाबदारी केवळ आईवर टाकली आहे काय? मुलांनी वडिलांना शेवटचे गुडघ्यांवर केव्हा पाहिले?

4. सुनेला घरात शब्द आहे काय? वृद्ध सासूसासऱ्यांना आहे काय?

5. पोप फ्रान्सिस कुटुंबांना तीन शब्दांची आठवण करून देत : कृपया, धन्यवाद, क्षमा कर. घरातील वडीलधारा यांपैकी शेवटचा शब्द उच्चारतो काय?

नाझरेथचे घर

नाझरेथच्या पवित्र कुटुंबात संत योसेफ प्रमुख होता. शुभवर्तमानांत त्याचा एकही शब्द नोंदलेला नाही. त्याची नोंद आहे ती ऐकण्याची आणि उठून निघण्याची. स्वप्नात देवाची सूचना मिळाली की तो उठे, बाळाला आणि त्याच्या आईला घेऊन वाट धरी. हेरोदाच्या हातून बाळ वाचवायचे होते, तेव्हा तो रात्रीच निघाला. त्या घरात मरियेने विचारलेल्या प्रश्नांना जागा होती आणि बारा वर्षांच्या येशूच्या उत्तरालाही जागा होती. स्वतः देवपुत्र त्या दोघांच्या आज्ञेत राहिला.

विवाहपूर्व शिबिरातील त्या तरुणाला म्हणूनच आम्ही सांगतो : घरात शेवटचा शब्द प्रभूचा. तो ऐकण्यासाठी दोघांनीही कान द्यायचे. धोका आला तर पुढे उभे राहायचे, जेवायला बसताना सर्वांना मिळाले की नाही ते पाहायचे आणि चुकलो तर आधी क्षमा मागायची. एवढे करण्याची तयारी असेल, तर मस्तक कोण हा प्रश्न पुन्हा विचारावा लागत नाही.

पवित्र कुटुंबाच्या मध्यस्थीने आपल्या सर्वांच्या घरांवर परमेश्वराचा आशीर्वाद राहो.